चार दिवसांचं दूध

भुरीच्या कासेखाली हात घातला आणि आक्काला कळलं, मागचा उजवा सड दगड झालाय.

आठ दिवस ढग नुसते येऊन बसले होते. पडायचं नाव नाही, हलायचं नाव नाही. गोठ्यातली हवा ओल्या गोणपाटासारखी अंगाला चिकटत होती. वैरणीला बुरशीचा वास, शेण वाळत नाही, गाय बसेल तिथे ओल. अशा दिवसांत एखादी कास धरणार असं आक्का रोज घोकत होती, आणि धरली तेव्हा तिला वाटलं, आपण घोकल्यामुळेच धरली.

तिने अंगठ्याने सड दाबला. भुरीने पाय आखडला. पिळल्यावर धारेऐवजी पिवळट पाणी आलं, मागोमाग भातासारख्या गाठी.

"दगडी," आक्का म्हणाली.

सून पलीकडच्या गाईखालून उठली. बादली झाकून, पदराला हात पुसत आली.

"पदराला पुसलेले हात कासेला लावणार?"

"धुते, आई." सून हौदाकडे गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊन आली. तिचं हे नेहमीचंच होतं. धारेआधी धुवायचे, धारेनंतर धुवायचे. आक्का तरी विचारायचीच. विचारलं नाही तर सासू कसली.

"तपासणीवाल्या बाईंनी दिलेलं मलम काढू का?" सून म्हणाली. "त्या म्हणाल्या होत्या, पहिली कास धरली की लगेच सुरू करा आणि वहीत लिहा."

"माझ्याच घरचं दही माझ्याच गाईच्या सडात परत घालायचं. एकेकाची डोकी."

"दही नाही हो. दह्यातलं विष."

"हां, विष म्हटलं की कसं बरं वाटतं."

घरात चार गाई आणि तीन माणसं. मुलगा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, दिवसाआड घरी यायचा तो आंघोळीला आणि झोपायला. बाकी सगळं या दोघींवर. आक्काची शाळा दुसरीत सुटली ती सुटली. सहीपुरती अक्षरं उरली होती, तीही एकमेकांवर रेललेली. पण जिभेला शाळा लागली नव्हती. गल्ली तिला तोंडावर आक्का म्हणायची आणि पाठीमागे कात्री. तिला ते माहीत होतं आणि आवडायचंही.

आणि तिचं दही. सकाळी दारात भांड्यांची रांग लागायची. इतरांचं दही या उकाड्यात दुसऱ्या दिवशी आंबून फसफसायचं, आक्काचं पाच दिवस जसंच्या तसं. विरजण सासूच्या हातचं, चाळीस वर्षांचं. रोजच्या हंड्यातलं एक वाटी उद्यासाठी काढून ठेवायचं, बाकी सगळं विकून मोकळं व्हायचं. दही न्या, हवं तेवढं खा, पण विरजणाची वाटी मागू नका, असा तिचा शिरस्ता. सख्ख्या बहिणीला दिली नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेतल्या तपासणीवाल्या बाई बर्फाची पेटी घेऊन आल्या त्या याच दह्यासाठी. शहाणी बाई. खुर्ची मागितली नाही, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली.

"आक्का, तुमच्या दह्यात जे जिवाणू आहेत ना, ते एक विष तयार करतात. माणसाला नाही की गाईला नाही, ते फक्त दुसऱ्या जिवाणूंना लागतं. आपली जागा राखायची, शेजाऱ्याला पाय ठेवू द्यायचा नाही, एवढ्यासाठी."

"मग त्या विषाने ते स्वतः कसे मरत नाहीत?"

"स्वतःपुरता उतारा त्यांच्याजवळ असतो. म्हणून त्यांचं घर शाबूत राहतं."

"म्हणजे माझ्यावरच गेलेत म्हणा," आक्का म्हणाली, आणि बाई इतक्या हसल्या की आक्काने चाळीस वर्षांचा शिरस्ता मोडून त्यांना दोन चमचे विरजण दिलं. बाईंनी सांगितलं, यातून कासेचं मलम होईल, अन्न नासू नये म्हणून वापरता येईल, पुढेमागे माणसाच्या चिघळलेल्या जखमेलाही. नेहमीची औषधं आपण इतकी ओतलीत की जंतू त्यांना सरावलेत. आणि हे मलम लावलं तर चांगल्या सडांचं दूध ओतून द्यावं लागणार नाही, तुमच्या हंड्यालाही त्याचं काही होणार नाही. ते विष त्याच घरचं.

महिन्याने मलमाच्या नळ्या आल्या आणि सुनेला एक वही. वही नीट राहिली तर पुढच्या हंगामापासून गोठ्यागोठ्यात जाऊन नोंदी ठेवायचं काम तिला मिळणार होतं. सुनेने त्याचा फार गाजावाजा केला नाही. पण तिने वहीला खाकी कागदाचं कव्हर घातलं, कोपरे नखाने दुमडून बसवले, आणि ते कोपरे बघूनच आक्काला समजलं की हे काम हिला किती हवंय.

सोमवारपासून मलम सुरू झालं. दोन्ही वेळेला धार झाली की सून सड पुसायची, नळीचं तोंड अलगद आत घालायची, मग खालून वर चोळत न्यायची. आजारी सडाचं पाणी वेगळ्या भांड्यात, बाकी तिन्ही सडांचं दूध गाळून हंड्यात. मग हात धुऊन वही. सूज किती, गाठी किती, अंग तापलंय का.

मंगळवारी सूज तशीच. बुधवारी थोडी वाढल्यासारखी. भुरी वैरणीत तोंड घालायची आणि तसंच धरून उभी राहायची.

"पाच-सहा दिवस लागतात म्हणाल्यात बाई," सून म्हणाली. "ताप आला तर निरोप द्या म्हणाल्यात. ताप नाहीये."

"बाईंची गाय आहे का ही?"

"आई, दोन दिवस थांबूया."

आक्काच्या डोळ्यांपुढे चार वर्षांपूर्वीची काळी गाय उभी होती. तिलाही अशीच दगडी झाली, डॉक्टर येईपर्यंत सगळे थांबले आणि दोन सड कायमचे बसले. त्या गाईला ट्रकमध्ये चढवताना ती मागे वळून हंबरली होती. ही भीती खरी होती. आणि तिच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती आक्काने तेव्हा स्वतःलाही नीट दाखवली नाही: चाळीस वर्षं या गोठ्यात गाईला काय झालंय हे लोक तिला विचारत, आता वहीला विचारू लागले होते.

बुधवारी दुपारी ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. कंपाउंडरने काही न विचारता तीन बाटल्या आणि एक सुई कागदात गुंडाळून दिली.

"तीन दिवस, रोज एक. आणि आक्का, शेवटच्या सुईनंतरही चार दिवस दूध ओतून द्यायचं. चारी सडांचं. हंड्यात घालू नका."

"मला शिकवतोस होय रे."

"तुम्हाला कोण शिकवणार. सांगायचं काम माझं."

गुरुवारी पहाटे सून नळावर गेली. पाण्याला रांग, तिला अर्धा तास सहज लागायचा. आक्काने भुरीच्या मानेवर थाप मारली, कातडी चिमटीत धरली आणि नवऱ्याने एकेकाळी शिकवली होती तशी सुई एका दमात आत घातली. बाटली राखेच्या ढिगात खोल खुपसली. सून दोन कळश्या घेऊन आली तेव्हा आक्का गव्हाण झाडत होती.

मग धार. सुनेने तिन्ही सडांचं दूध काढलं, फडक्यातून गाळलं आणि हंड्याकडे निघाली. आक्का बघत राहिली. ओतू नको, एवढं म्हणायचं होतं. पण ओतू नको म्हटलं तर का, आणि का म्हटलं तर सुई. सून म्हणणार नाही काही, पण वही म्हणेल. एका दिवसाच्या दुधाने काय होतंय, आक्काने मनाशी म्हटलं, आणि झाडू चालू ठेवला.

शुक्रवारी तेच. शनिवारी तेच.

शनिवारी सकाळी भुरीचा सड मऊ झाला. सुनेने दाबला, पिळला, आणि पांढरी सरळ धार बादलीत वाजली.

"आई," ती म्हणाली. नुसतं आई. मग तिथेच बसून हसली, आणि हसताना तिने भुरीच्या पोटाला गाल टेकला. "सहाव्या दिवशी. बाई म्हणाल्या होत्या तसंच."

तिने बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, ही पहिली गाय, तुझं पान मी मीटिंगमध्ये दाखवणार, यावरून पुढच्या चाळीस गोठ्यांत मलम देऊ. सून फोनवर सारखं हो बाई, हो बाई म्हणत होती. आक्का पलीकडे कडबा कापत होती. विळा बोटाजवळून गेला.

खरं तर दही शुक्रवारपासूनच बिघडलं होतं. शुक्रवारी ढिलं लागलं, शनिवारी पाणी सुटलं. आक्का रांगेला म्हणाली, हवा बरी नाही. पण त्याच हंड्यातली वाटी ती रोज उद्यासाठी काढत होती. रविवारी सकाळी तिने झाकण उचललं तर हंड्यात दूध. दूधही नाही, काहीतरी कोमट, कडवट वासाचं. तिने पळी घातली, पळी तळाला जाऊन वाजली.

दारात सात-आठ जण भांडी घेऊन उभे होते. सगळ्यांत पुढे शिलाईवाली, गळ्यात टेप तसाच अडकवलेला.

"काय आक्का, आज दही संपावर?"

मागून कुणीतरी हसलं. आक्काच्या घरातून रिकामं भांडं घेऊन परत जायची वेळ कुणावर कधी आली नव्हती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला कारण माहीत होतं, घशाशी आलेलं होतं. पण तिने मान वळवून, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला विचारलं:

"हात धुतले होतेस का?"

सून दाराच्या चौकटीत उभी होती. तिने आधी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "धुतले होते."

"धुतले असते तर लागलं असतं."

एवढंच. रांग मोडली, भांडी आपापल्या घरी गेली. बोललेलं मात्र गल्लीत राहिलं. संध्याकाळपर्यंत चार घरांत पोचलं की सुनेचा हात लागला आणि चाळीस वर्षांचं विरजण मेलं.

त्या दिवसापासून सुनेने घासायला सुरुवात केली. हंडा, पळी, गाळणी, बादल्या, फडकी. उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकायचा आणि नारळाच्या काथ्याने घासायचं. दुकानातलं दही आणून विरजण लावलं, तेही लागलं नाही. भुरीचं दूध अजून हंड्यातच जात होतं. सुनेने पुन्हा घासलं. तिसऱ्या दिवशी तिच्या बोटांची सालं निघाली, चौथ्या दिवशी सांध्यांवर चिरा पडल्या. धार काढताना चिरा उघडायच्या. ती आवाज करायची नाही, फक्त श्वास आत ओढायची. आक्का शेजारच्या गाईखाली बसून ते मोजल्यासारखं ऐकायची.

"पुरे झालं घासणं," एकदा आक्का म्हणाली. "भांड्याला भोक पडेल."

"काहीतरी राहत असणार, आई. कुठेतरी राहतंय माझ्याकडून."

आक्काने तोंड फिरवलं. तिच्या ताटातली भाकरी दुपारपर्यंत तशीच होती.

मुलगा आला, त्याने बाहेरच ऐकलं होतं. बूट काढता काढता बायकोला म्हणाला, "एक काम नीट करता येत नाही, वह्या कसल्या लिहितेस." आक्का आतून म्हणाली, "तू जेव आधी. गोठ्यातलं तुला काय कळतं." मुलाने आश्चर्याने बघितलं. आई सुनेची बाजू घेते म्हणजे ढग खरंच पडायला आलेत. पण ते बाजू घेणं नव्हतं, हे एकट्या आक्काला माहीत होतं.

गुरुवारी बाई आल्या. मेलेल्या हंड्यातला नमुना त्यांनी बर्फात ठेवला, मग नेहमीच्या जागी उंबऱ्यावर बसल्या.

"विरजणाची काळजी करू नका, आमच्याकडे राखलेलं आहे, परत देईन. पण ते का मेलं हे कळायला हवं, नाहीतर परत मरेल. आक्का, एक विचारते, राग मानू नका. कुठल्या गाईला सुई दिली होती का? दुधातून औषध हंड्यात गेलं तर असं होतं."

सून म्हणाली, "नाही बाई. मलमाशिवाय काहीच नाही. मी रोज लिहिलंय."

बाई तरी आक्काकडेच बघत होत्या.

"नाही," आक्का म्हणाली.

आवाज तिचाच होता, नेहमीसारखा टणक. बाईंनी मान हलवली. सुनेचे हात बघितले आणि म्हणाल्या, "वही तू चांगली ठेवलीस. पण गोठ्यागोठ्यात जायचं काम म्हणजे पहिली गोष्ट स्वच्छता. लोक आत्ताच बोलायला लागलेत. या हंगामात दुसऱ्या कुणाला तरी घेते. पुढचं पुढे बघू." भुरीचं पान मात्र त्या मीटिंगमध्ये दाखवणार होत्या. ते त्यांना हवं होतं. वही उद्या माणूस पाठवून नेते, म्हणाल्या.

बाई गेल्यावर सून भांडी घासायला बसली. भांडी स्वच्छच होती.

शुक्रवारी सकाळी शिलाईवाली झाकलेली वाटी घेऊन आली. तिच्यामागे आणखी तीन-चार जण, दही लागलंय का बघायला. तिने वाटी ओट्यावर ठेवली.

"विरजण आणलंय. तुमचंच."

"माझं कुठलं?"

"आक्का, आता लपवून काय करू. बारा वर्षं तुमचं दही नेते, त्यातलंच चमचाभर ठेवून घरी लावते. पोस्टमनकडेही तेच, नर्सबाईंकडेही तेच. गल्लीत सगळीकडे तुमचंच आहे. तुम्हाला सांगायची छाती कुणाची?"

मागचे हसले. आक्काला एरवी तोंडाचा पट्टा सोडायला एवढं पुष्कळ होतं. ती वाटीकडे बघत राहिली. पांढरं, घट्ट, कडेला जराही पाणी न सुटलेलं.

सून वाटी घ्यायला पुढे आली. शिलाईवालीने वाटीवर तळवा ठेवला. दुष्टपणाने नाही, सहज.

"तुम्ही नका, वहिनी. आक्का, तुमच्याच हाताने लावा. हिच्या हाताचं राहू दे."

सून थबकली. तिने चिरलेले हात पदराखाली घेतले. एवढीच हालचाल. भुरीने पाय आखडावा तशी.

आक्काला वाटलं होतं, बोलायची वेळ आली तर आपण हिला एकटीला बाजूला घेऊन बोलू, गोठ्यात, अंधुकशा जागी. पण विचारलं होतं ते इथे, या दारात, याच माणसांसमोर.

"हात तिचे नव्हेत," ती म्हणाली.

"काय?"

"तिचे हात स्वच्छ होते. आजही आहेत. भुरीला मी सुया दिल्या. तीन. हिला न सांगता. चार दिवस दूध ओतून द्यायचं होतं, ते मी हंड्यात जाऊ दिलं. विरजण मी मारलं."

कुणी हसलं नाही. शिलाईवालीने गळ्यातला टेप उगाच सारखा केला. "असतं एखाद्या वेळी, आक्का," ती पुटपुटली.

"असतं कसलं. काल बाईंना मी नाही म्हटलं, तेही खोटं. जा, चार घरांत सांगा. रविवारचं सांगितलंत तसं."

माणसं गेली. वाटी ओट्यावरच राहिली. आक्काला वाटलं, आता सून रडेल, किंवा पाया पडेल, किंवा निदान आई म्हणेल. सून आत गेली आणि वही घेऊन आली. जमिनीवर बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मलमाने बरी झाली नाही मग."

"कुणाला ठाऊक. झालीही असती. मी थांबले नाही."

"म्हणजे हे पान खोटं. बाई यावरून चाळीस गोठ्यांत मलम देणार होत्या." तिने पान पालथं केलं, परत सुलटं केलं. "मी एकेक अक्षर खरं लिहिलं होतं, आई. सगळं खोटं निघालं."

सुनेच्या हातांवरचा डाग पुसायला आक्काने तोंड उघडलं, तर तो वहीवर जाऊन बसला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काम मिळो न मिळो," सून म्हणाली. "वही अशी जाणार नाही." तिने जुन्या पानावर तिरकी रेघ मारली, पुढचं कोरं पान काढलं. चिरलेल्या बोटांत पेन नीट बसेना, तिने मुठीत धरलं.

"गुरुवार. सांगा."

आक्का समोर बसली. गुडघे वाजले.

"पहाटे. तू नळावर गेलीस तेव्हा. मानेत एक सुई."

"औषधाचं नाव?"

"बाटली राखेत आहे. देते काढून."

"दूध?"

"हंड्यात."

"कुणी ओतलं?"

"तू. गाळून. हात धुऊन."

पेन जरा थांबलं, मग चाललं. शुक्रवार झाला. शनिवार झाला. बाहेर भुरी हंबरली, धारेची वेळ टळत होती. दोघींनीही तिकडे बघितलं नाही.

"रविवार," सून म्हणाली.

"रविवारी सुई नव्हती. दही लागलं नाही."

"ते लिहिलंय. आणखी काय झालं?"

आक्काने पदर सारखा केला. ओट्यावरच्या वाटीकडे बघितलं.

"रविवारी मी चारचौघांत तुला विचारलं, हात धुतले होतेस का."

"लिहू?"

"लिही."

सुनेने लिहिलं. सावकाश, बाकीच्या ओळींइतक्याच आकाराचं. मग वही फिरवून आक्कापुढे सरकवली, खाली सहीची जागा बोटाने दाखवली आणि पेन पुढे केलं.

आक्काने हात पुढे केला आणि मागे घेतला. भिंतीला धरून उठली, हौदाकडे गेली. साबण घेतला, कोपरापर्यंत फेस केला, बोटांच्या बेचक्या चोळल्या, दोन तांबे पाणी घातलं. पदराला पुसले नाहीत. तसेच गळते हात अंगापासून दूर धरून ती परत आली आणि ते वाळेपर्यंत वहीपुढे बसून राहिली.